काडी

डब्यातून बारा घड्याळं निघतात,
काटे नाहीत, काच नाही, बटणसुद्धा नाही.
धामणझिऱ्याच्या अंगणवाडीत सतरंजीवर बसून
मी एकेक बांधत जाते.
डावा हात, पट्टा दुसऱ्या भोकात,
आंघोळीतही काढायचं नाही, सात रात्री.
गिरजाबाई मनगट कानाशी नेते.
"वाजत बी नाही, टाइम बी दाखवत नाही,
मंग हे घड्याळ कायचं वं बाई?"
हलणं मोजतं, मी सांगते.
हात हलला की जाग, नाही हलला की झोप.
ती तंबाखूचा हात लुगड्याला पुसते:
"मंग मेल्या मानसाले लय झोप लागत असन."

आठव्या दिवशी मी परत येते.
वायर जोडली की पडद्यावर
काळ्या काड्यांचं वावर उभं राहतं.
काड्या दाट तिथं माणूस जागं,
जमीन उघडी पडली तिथं निजलेलं.
एवढंच वाचायचं असतं. मला दोन दिवसांत शिकवलं होतं.

झिबल कुमरेच्या सातही रात्री उघड्या.
दहापासून साडेचारपर्यंत मध्येच एखादी काडी,
उगवण न झालेल्या तासात
एखादंच रोप दिसावं तशी.
मी म्हटलं, काका, गावात सगळ्यात चांगली झोप तुमची.
शंभरात ब्याण्णव!
तो पडद्याकडे बघत राहिला,
दाखल्यावर भलत्याचंच नाव छापून यावं, तसा.
"मी त जागलीले होतो."

हरभरा घाट्यावर आलेला. वावरात चार बल्ल्यांचा माळा,
वर पऱ्हाट्या, पऱ्हाट्यांवर पोतं.
डुकराची खसखस ऐकायची असन, तो म्हणाला,
त आपली खसखस होऊ द्याची नाही.
घोंगडं सरकवाचं नाही. मच्छर बसला त बसू द्याचा.
"हात कायले हालवू मी?"

आणि ही दोन वाजून दहाची काडी?
"थो डबा वाजवला."
ही पावणेचारची?
"थे बी डबाच. रोही होता."

मग मी त्याची झोपेची वही काढली.
झोपलात तर चंद्र, जागलात तर सूर्य, असं समजावलं होतं.
नातीने खडूने सात सूर्य काढले होते, सातव्याला मिशा.
पोरीची चूक समजून मी ते पान
न बघताच उलटलं होतं.

रंजू डंभारेचं उलटंच.
तिच्या रात्रीत पाय ठेवायला जागा नाही, नुसत्या काड्या.
दोन तास दहा मिनिटं झोप, पडदा म्हणतो.
ती म्हणते, "हट्! मस्त झोपतो मी.
पाळन्याची दोरी हातात रायते फक्त."
रात्रभर ओढतेस?
"मले का मालूम? मी त झोपेल रायतो."

नागपूरला फोन लावला.
साहेब जेवत होते. म्हणाले,
एवढ्या-तेवढ्याने काही होत नाही,
सरासरीत जिरून जातं सगळं.

तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, अंगठ्याएवढा.
त्यात मी बारीक अक्षरात लिहिलं, कुमरे: जागे, पण हलले नाहीत.
रंजूचं लिहायला गेले तर रकाना संपला,
तिचं कागदाच्या पाठीमागे गेलं.
पाठीमागचं कुणी बघत नाही, हे मला माहीत आहे.

घड्याळ सोडलं तेव्हा झिबलकाकाच्या मनगटावर
पट्ट्याएवढी फिकी जागा उरली होती.
ती त्याने दोनदा चोळली,
निघाला, आणि दारातून परत वळला.
"बाई, हे डुकराच्या पायाले बांधता येते का?
म्हंजे थे कवा झोपते, थे समजन.
तेवढ्यात मी बी पडीन."